आधी गण, मग गौळण

मराठीत ‘विडंबन’ आणि ‘विडंबना’ असे दोन शब्द आहेत. दोघेही एकाच घरातले, फरक काय तो एका कान्याचा. पहिला शब्द ऐकला की आपण हसण्याच्या तयारीने सरसावून बसतो. दुसरा ऐकला की दैवाने कुणाची तरी दुर्दशा केली असावी असे वाटून मन खाली बसते. संस्कृतात मूळ शब्दाला नक्कल आणि चेष्टा असे दोन्ही अर्थ आहेत. मराठीने त्याची वाटणी करून एका भावंडाला हसू दिले आणि दुसऱ्याला दुःख दिले.

विडंबनपर चित्रपट पाहताना मला या एका कान्याची वारंवार आठवण होते. कारण असे चित्रपट दोनच जातींचे असतात. एका जातीचा चित्रपट पाहताना नकलेतली गंमत आपण पोट धरून भोगतो. दुसऱ्या जातीचा पाहू लागलो की पहिली पाच मिनिटे बरी जातात आणि मग नक्कल करणाऱ्याचीच कीव येऊ लागते. पहिले विडंबन, दुसरी विडंबना. दोघांतले हे कान्याएवढे अंतर कशाने पडते, हा प्रश्न वरवर पाहता फक्त करमणुकीचा आहे. परंतु थोडे खोल गेले की तो नीतीच्या प्रांतात शिरतो. आपण कुणाला हसावे, कशासाठी हसावे, आणि हसण्याचा हक्क मुळात कुणाला पोचतो, हे प्रश्न त्याच्या पोटात दडलेले आहेत.

सर्वांना सुचणारे पहिले उत्तर म्हणजे साम्य. नक्कल जितकी हुबेहूब, तितके विडंबन चांगले, अशी आपली समजूत असते. तिची परीक्षा पाहण्यासाठी ‘शोले’सारखे दुसरे उदाहरण नाही. १५ ऑगस्ट १९७५ रोजी प्रदर्शित झालेला रमेश सिप्पी यांचा हा चित्रपट आपल्या देशात इतका मुरला आहे, की ज्याने तो पाहिला नाही त्यालाही त्यातले गब्बर, ठाकूर आणि बसंती ठाऊक असतात. विडंबनाला लागते ती पहिली शिदोरी, म्हणजे प्रेक्षकाला मूळ कृतीची ओळख, इथे आयतीच मिळते. १९९१ साली ‘रामगढ के शोले’ नावाचा चित्रपट निघाला. गब्बर म्हणून खुद्द अमजद खान, आणि भोवती नामवंत नटांसारखे दिसणारे, त्यांच्यासारखे चालणारे-बोलणारे नट. साम्याच्या बाबतीत याहून अधिक काय हवे? परंतु असा एक नट पडद्यावर आला की ‘अरे, हा तर अगदी तोच!’ म्हणून आपण हसतो आणि ते हसू तिथेच संपते. ओळख पटल्याचा आनंद रस्त्यात जुना सोबती भेटल्यासारखा असतो. भेटल्याबरोबर तो होतो. पण पुढे बोलण्यासारखे काही नसेल तर दोघेही घड्याळाकडे पाहू लागतात.

आता दुसरे उदाहरण घेऊ. नाशिक जिल्ह्यात, मुंबई-आग्रा रस्त्यावर, मोसम नदीच्या काठी मालेगाव आहे. गाव यंत्रमागांचे. दिवसरात्र मागांचा खडखडाट चालतो, शुक्रवारी तो थांबतो, आणि मागावरचा कामगार सिनेमाला जातो. तिथे व्हिडिओगृह चालवणाऱ्या नासिर शेख या तरुणाने दोन हजार सालाच्या सुमारास ‘मालेगाव के शोले’ नावाचा चित्रपट काढला. खर्च सुमारे ५० हजार रुपये. नट गावातलेच, मागावर आणि लहानसहान धंद्यांत राबणारे. भाषा हिंदी, पण मालेगावच्या तोंडची. ‘शोले’त दरोडेखोर घोड्यांवरून आगगाडीचा पाठलाग करतात. मालेगावात घोडे आणायचे कुठून आणि आगगाडी कोण देणार? तेव्हा गाडीच्या जागी बस आली, आणि दरोडेखोर सायकलींवर टांग मारून निघाले.

या सायकलीपाशी क्षणभर थांबले पाहिजे, कारण माझ्या मते सगळे रहस्य तिच्यात आहे. प्रेक्षक हसतो तो कशाला? ‘शोले’ला नव्हे, ‘शोले’वर तर त्याचा जीव आहे. सायकलीलाही नव्हे, सायकलीवरूनच तो कामाला जातो. तो हसतो ते घोडा आणि सायकल यांच्यामधल्या अंतराला. एका बाजूला सत्तर मिलिमीटरच्या पडद्यावरचे ते भव्य स्वप्न, दुसऱ्या बाजूला चेन उतरलेली स्वतःची सायकल, आणि मध्ये तो स्वतः. हे अंतर त्याने जन्मभर मुकाट्याने सोसलेले असते. पडद्यावर ते कुणीतरी प्रथमच मोठ्याने बोलून दाखवतो आणि त्या बोलण्यात रडगाणे नसते. म्हणून ते हसू पाच मिनिटांत संपत नाही. साच्याला साचा लावला की फक्त ओळख पटते. साच्यात स्वतःचे जिणे ओतले, आणि ते साच्याबाहेर ओघळू लागले, म्हणजे विडंबन होते.

याची उलट बाजूही पाहावी. २००७ साली राम गोपाल वर्मा यांनी ‘शोले’ नव्याने, अगदी गंभीरपणे काढला. पैसा होता, यंत्रे होती, खलनायकाच्या भूमिकेत साक्षात अमिताभ बच्चन होते. चित्रपट साफ पडला आणि लोकांच्या चेष्टेचा विषय झाला. घोड्यांची ज्यांना ददात नव्हती त्यांचे हसे झाले आणि सायकलवाल्यांना टाळ्या मिळाल्या. यावरून गरिबी हाच विनोदाचा गुण आहे असे कुणी समजू नये. मालेगावकरांना उद्या दहा घोडे मिळाले असते तर त्यांचा चित्रपट सुधारला नसता, हे खरे. कारण मग तो ‘शोले’ची एक कच्ची प्रत उरला असता. परंतु नुसती सायकल आणूनही भागत नाही. सायकलस्वाराने ती घोडा समजूनच चालवली पाहिजे.

म्हणजे गांभीर्य हवे. विनोदी नटाला आपण विनोदी आहोत याचा पत्ता लागता कामा नये, हे जुने जाणते लोक सांगत आले आहेत. विडंबनात त्याला दुप्पट महत्त्व आहे. १९८० साली अमेरिकेत ‘एअरप्लेन!’ नावाचा चित्रपट निघाला. त्याच्या कर्त्यांनी १९५७ सालच्या ‘झीरो अवर!’ या गंभीर विमानपटाचे हक्क रीतसर विकत घेतले आणि त्यातले पुष्कळसे कथानक व संवाद जवळजवळ जसेच्या तसे वापरले. भूमिकांसाठीही विदूषक न शोधता लेस्ली नील्सनसारखे, तोवर मुख्यतः गंभीर कामे केलेले नट घेतले. ते मूळच्याच गांभीर्याने बोलतात आणि भोवतालचे जग मात्र वेडेवाकडे होत जाते. नट जर मध्येच प्रेक्षकाकडे पाहून डोळा मारू लागला, ‘बघा, मी कशी थट्टा करतो आहे’ असे सुचवू लागला, तर डोलारा कोसळतो. पडणारी बहुतेक विडंबने या डोळा मारण्यानेच पडतात. त्यामागे एक भित्रेपणा असतो: आपण या खुळ्या गोष्टीत मनापासून गुंतलो आहोत असे कुणाला वाटू नये, हा. आणि जो गुंतत नाही त्याच्या हातून नक्कलही धड होत नाही.

इथे भरताची आठवण होते. नाट्यशास्त्रात त्याने काही रसांना दुसऱ्या रसांची जन्मस्थाने मानले आहे. त्यात हास्याचा उगम त्याने शृंगारात सांगितला. शृंगाराची अनुकृती म्हणजे हास्य, असे त्याचे मत. विद्यार्थिदशेत हे मला कोड्यासारखे वाटे. हास्याची आई द्वेष असेल, तुच्छता असेल; प्रेम कसे? आज वाटते, भरताने विडंबनाचा गाभाच सांगून ठेवला आहे. ज्यावर आपले प्रेम नाही त्याची नक्कल करण्याइतके आपण त्याच्याकडे निरखून पाहतच नाही. आचार्य अत्र्यांनी ‘केशवकुमार’ या नावाने ‘झेंडूची फुले’ लिहिली आणि रविकिरण मंडळाच्या कवींची दाणादाण उडवली. पण त्याच नावाने त्यांनी गंभीर कविताही लिहिली होती, आणि गडकऱ्यांना ते गुरू मानीत. वृत्त, यमक, शब्दकळा यांचा अभ्यास असल्याशिवाय दुसऱ्याच्या कवितेचा तोल नेमका कुठे सुटतो हे कळत नाही. स्पेनच्या सेर्व्हान्टिसने १६०५ साली ‘डॉन किहोते’चा पहिला भाग प्रसिद्ध केला तो शिलेदारी कादंबऱ्यांची टर उडवण्यासाठी. त्या कादंबऱ्या आज फक्त पंडितांना ठाऊक आहेत, आणि त्यांची थट्टा मात्र जगभर वाचली जाते. याचे कारण एवढेच की पानापानांवर लेखकाचा त्या म्हाताऱ्या वेड्या शिलेदारावर जीव जडत गेला आहे.

आमच्या विदर्भात खडी गंमत चालते. शाहीर, डफ, लुगडे नेसलेला नाच्या, आणि उभ्याउभ्या रात्रभर रंगणारा खेळ. तिचा आणि पश्चिमेकडच्या तमाशाचा एक क्रम सारखा आहे: आधी गण, मग गौळण. गणात गणपतीला वंदन. गौळणीत कृष्ण, गवळणी आणि त्यांची वाटेवरची अडवाअडवी. तमाशातला बोबडा पेंद्या आणि मिशा काढून नटलेली मावशी देवाच्या लीलेची अशी काही त्रेधा उडवतात की धार्मिक माणसाच्या अंगावर काटा यावा. परंतु समोर बसलेल्या भाविक म्हाताऱ्या खुशाल हसतात, आणि सकाळी उठून त्याच कृष्णाला हात जोडतात. त्यांना त्यात विसंगती वाटत नाही, कारण गण आधी झालेला असतो. ज्याने वंदन केले त्याला थट्टेचा परवाना मिळाला. ही केवळ रंगमंचावरची रूढी नव्हे. मी तिला विडंबनाचा कायदा म्हणतो. विडंबनकाराने आपला गण आधी म्हटला पाहिजे, आणि तो प्रेक्षकाला ऐकू आला पाहिजे.

उपहासाचे तसे नाही, हेही इथे सांगितले पाहिजे. नागपुरात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबती निघतात, आणि त्यांच्याबरोबर बडगे. महागाई, भ्रष्टाचार, जो कुणी त्या वर्षी लोकांच्या मनातून उतरला असेल तो, अशांचे पुतळे करून गल्लोगल्ली मिरवतात आणि शेवटी जाळून टाकतात. तो उपहास. त्याला वंदनाची गरज नाही, कारण त्याला पुतळा घरात ठेवायचाच नाही. विडंबनकार पुतळा जाळीत नाही. तो त्याला घरी आणतो, आपले जुने कपडे घालतो आणि जेवायला बसवतो.

यावर एक बिकट आक्षेप घेता येईल. प्रेमाशिवाय विडंबन नाही, तर चार्ली चॅप्लिनच्या १९४० सालच्या ‘द ग्रेट डिक्टेटर’चे काय? चॅप्लिनचे हिटलरवर प्रेम होते काय? अर्थात नव्हते. तरीही तो चित्रपट जगातल्या श्रेष्ठ विडंबनांत गणला जातो. याचे उत्तर चित्रपटाच्या रचनेतच आहे. हुकूमशहा आणि त्याच्या राज्यात छळला जाणारा ज्यू न्हावी, या दोन्ही भूमिका चॅप्लिनने स्वतः केल्या. एकच चेहरा, एकच मिशी. राक्षसाला दूर उभा करून त्याच्याकडे बोट दाखवणे सोपे होते; चॅप्लिनने त्याला आपला चेहरा दिला. पृथ्वीच्या फुग्याशी खेळणारा तो हुकूमशहा पाहताना आपण हसतो, आणि सत्तेचा असा लडिवाळ मोह माणसाच्या, म्हणजे आपल्याही, मनात असतो हे जाणवून चरकतो. तेव्हा माझा कायदा मी थोडा दुरुस्त करून सांगतो. ज्याची नक्कल करायची त्यावर प्रेम नसेल तर निदान त्याच्याशी नाते कबूल केले पाहिजे. हसणाऱ्याने स्वतःला वगळता कामा नये.

आणि याच चॅप्लिनने पुढे १९६४ साली आत्मचरित्रात लिहून ठेवले, की छळछावण्यांतली खरी भीषणता आधी कळली असती तर हा चित्रपट आपल्या हातून झाला नसता. ही विडंबनाची दुसरी मर्यादा. ॲरिस्टॉटलने हास्यास्पद गोष्टीचे लक्षण सांगताना म्हटले आहे की ती एक प्रकारची विकृती असते खरी, पण वेदना देणारी नव्हे. जिथे वेदना सुरू होते तिथे हसू थांबते, निदान थांबायला हवे.

शाळामास्तराला हा धडा दरवर्षी स्नेहसंमेलनात मिळतो. ‘सर, तुमची नक्कल केली तं चालते का?’ असे एका मुलाने एकदा येऊन विचारले. मी होय म्हटले. रागावण्यापूर्वी चष्मा काढून पुसण्याची माझी सवय त्याने अशी काही उचलली होती, की सारा मांडव हसला आणि मीही हसलो. त्याच्यामागून दुसरा मुलगा आला. पाय ओढत चालणाऱ्या एका वृद्ध शिपायाची चाल त्याने तंतोतंत करून दाखवली. साम्य पहिल्यापेक्षा अधिक होते. पहिल्या क्षणी हशा उठला, आणि लगेच विरला. कारण शिपाई दाराशी उभे होते आणि पोरे आपोआप मागे वळून त्यांच्याकडे पाहू लागली होती. त्या पोरांना ना भरत ठाऊक, ना ॲरिस्टॉटल. पण चष्मा पुसणे ही माणसाने स्वतः लावून घेतलेली सवय आहे आणि लंगडणे त्याच्यावर लादलेले आहे, हा भेद त्यांना कुणी शिकवावा लागला नाही. तेव्हापासून नकला करायला येणाऱ्या मुलांना मी एकच सांगतो: ज्याची नक्कल करणार त्याला पहिल्या रांगेत बसव, आणि मग कर. आज प्रत्येकाच्या हातात फोन आहे आणि कुणाचीही नक्कल करून ती क्षणात गावभर पोचवता येते. पण फोनमध्ये पहिली रांग नसते. ज्याला हसतो त्याचा चेहरा आपल्याला दिसत नाही. म्हणून ती रांग आता ज्याने त्याने मनातच मांडली पाहिजे.

आता पुन्हा मालेगावकडे वळतो, कारण खरी कसोटी तिथे लागते, आणि ती नासिर शेख यांची नसून तुमची-माझी आहे. पुढे त्यांनी ‘मालेगाव का सुपरमॅन’ काढला. १९३८ साली अमेरिकेत जन्मलेला तो बलदंड, उडणारा वीर मालेगावात आला तो हाडे मोजून घ्यावीत असा. मागावर काम करणाऱ्या शफीक शेख यांनी ती भूमिका केली. या सुपरमॅनला गावच्या धुळीने दम लागतो, आणि त्याचा शत्रू घाणीवर व तंबाखूवर प्रेम करणारा असतो. त्याला उडवण्यासाठी ट्रकला हिरवा कपडा बांधून चित्रण केले. ही सारी खटपट फैझा अहमद खान यांनी ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ या अनुबोधपटात टिपली आणि तो देशोदेशी पाहिला गेला. २०२५ साली याच कहाणीवर रीमा कागती यांचा ‘सुपरबॉइज ऑफ मालेगाव’ हा चित्रपट चित्रपटगृहांत आला. शफीक शेख यांनी मात्र फार काही पाहिले नाही. कर्करोगाने ते आधीच गेले.

शहरातल्या थंडगार चित्रपटगृहात बसून मालेगावच्या त्या कृश सुपरमॅनला आपण हसतो, तेव्हा आपले हसू आणि मालेगावकराचे हसू एकच असते काय? भरताने हास्याचे आत्मस्थ आणि परस्थ असे भेद केले. एकात माणूस स्वतः हसतो, दुसऱ्यात दुसऱ्याला हसवतो. मी ते शब्द जरा वेगळ्या अर्थाने वापरतो. मालेगावकराचे हसू आत्मस्थ आहे: धूळ त्याच्याच छातीत जाते, तंबाखू त्याच्याच गावात विकली जाते. ज्या गावाचे नाव वर्तमानपत्रांत दंगलींसाठी येते, जिथे २००६ सालच्या सप्टेंबरात बॉम्बस्फोटांत तीसहून अधिक माणसे मेली, त्या गावाने स्वतःला पडद्यावर पाहून हसावे यात मोठे धैर्य आहे. आपले हसू परस्थ होण्याचा धोका आहे. ‘बिचाऱ्यांकडे घोडेसुद्धा नाहीत!’ असे म्हणून आपण हसलो तर विडंबनाला कान्याचा डाग लागला आणि त्याची विडंबना झाली. नासिर शेख यांनी काही बिघडवले नाही. बिघडवले ते आपण.

तेव्हा विडंबनपट पडतो तो केवळ करणाऱ्याच्या चुकीने नव्हे. कधी तो पाहणाराही पाडतो. करणाऱ्याने गण म्हणावा, जीव ओतून आणि गंभीरपणे नक्कल करावी, आपले जिणे त्यात घालावे, आणि ज्याला वेदना आहे त्याच्या अंगावर हसू टाकू नये. एवढे त्याच्याकडून झाले की उरलेले काम पाहणाऱ्याचे. त्याला स्वतःकडची सायकल आठवली पाहिजे. पारशिवनीसारख्या गावात राहणाऱ्या माणसाला ती आठवणे फारसे कठीण जात नाही. मोठ्या शहरांत राहणाऱ्यांनाही जाऊ नये. पडद्यावरच्या घोड्यावर बसून घरी जाणारा माणूस मी अजून कोणत्याच गावात पाहिलेला नाही.